शाळेच्या कपाटाची किल्ली

आजच्या पत्रिकेत विषय छापलाय 'तीव्र ॲलर्जी आणि सार्वजनिक शाळा : एक इतिहास', आणि वक्त्याच्या नावापुढे तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट. समोर काही डॉक्टर मंडळी बसली आहेत. ह्या गृहस्थांचं इथे काय काम, असा प्रश्न त्यांना पडला असेल तर तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की ह्या विषयातला वैद्यकाचा भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बराचसा उलगडला होता. रोग कळला होता, औषधही हाताशी होतं. पुढची नव्वदएक वर्षं गेली ती वेगळ्याच प्रश्नांत. हे औषध द्यायचं कुणी? कुणाच्या परवानगीने? देऊन काही बिघडलं तर दोष कुणाचा? हे प्रश्न आमच्या दुकानातले आहेत, म्हणून मी हे निमंत्रण घेतलं.

आधी शब्दांपासून सुरुवात करू, कारण शब्द फसवतात. आपल्याकडे 'वावडं' हा फार जुना आणि सुंदर शब्द आहे. 'त्याला वांग्याचं वावडं आहे' म्हटलं की त्याचा अर्थ वांगं सोसत नाही असा होतो, आवडत नाही असाही होतो, आणि चातुर्मासात खात नाही असाही होऊ शकतो. तिन्हींना एकच शब्द. अंगावर लाल गाठी आल्या की आपण म्हणतो 'गांधी उठल्या' किंवा 'पित्त उठलं', आणि आमसुलाचं पाणी लावतो. बहुतेक वेळा तासाभरात सगळं शांत होतं. त्यामुळे आपल्या भाषेने ह्या प्रकाराला सौम्य गोष्टींच्या रांगेत बसवून टाकलंय. पण क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत गोष्ट गांधींवर थांबत नाही. घसा आतून सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत मूल बेशुद्ध पडतं. ह्याला वैद्यकात 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. त्यासाठी आपल्या घरगुती मराठीत शब्दच नाही. ॲलर्जीसाठी परिभाषेत 'अधिहर्षता' असा एक शब्द आहे खरा, पण ज्या शब्दात 'हर्ष' आहे तो ऐकून कुठली आई धावत सुटेल?

तर हा ॲनाफिलॅक्सिस शब्द जन्मला एका राजाच्या जहाजामुळे. मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट हा समुद्रविज्ञानाचा वेडा माणूस. १९०१ च्या उन्हाळ्यात त्याच्या 'प्रिन्सेस ॲलिस' ह्या जहाजावर दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए. काम असं, की फायसेलिया नावाचा जो निळा, डंख मारणारा समुद्रजीव असतो त्याचं विष तपासायचं. जहाजावर थोडे प्रयोग झाले. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया कुठून मिळणार? म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं, ॲक्टिनियाचं विष घेतलं आणि ते कुत्र्यांना टोचून किती मात्रा सोसते ते पाहू लागले.

त्या काळाची हवा लक्षात घ्या. पाश्चर नुकताच होऊन गेलेला. लसीची कल्पना सगळ्यांच्या डोक्यात भिनलेली. शरीराला विषाची थोडी ओळख करून दिली की पुढच्या वेळी ते शरीर जास्त खंबीर होतं, ही जवळजवळ श्रद्धाच झाली होती. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा होता. त्याला थोडी मात्रा टोचली, त्याला काही झालं नाही. २२ दिवसांनी, तो अगदी ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो कसाबसा सरपटत गेला, कुशीवर पडला आणि २५ मिनिटांत मेला.

शरीराला पहिल्या वेळची आठवण होती. पण त्या आठवणीने त्याचं रक्षण केलं नाही, तीच त्याच्यावर उलटली. ग्रीकमध्ये 'फिलॅक्सिस' म्हणजे रक्षण. त्याच्या उलट म्हणून रिशेने 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द घडवला. (खरं तर व्याकरणाने 'अफिलॅक्सिस' हवं होतं. ते कानाला बरं लागेना, म्हणून त्याने बदललं. शास्त्रातही कानाचं ऐकावं लागतं.) फेब्रुवारी १९०२ मध्ये हे पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे वाचलं गेलं आणि १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं. हाच रिशे भुताखेतांच्या बैठकांनाही बसायचा आणि त्यांवर गंभीरपणे लिहायचा, हे जाता जाता सांगतो. माणूस एका खोलीत शास्त्रज्ञ असतो म्हणून शेजारच्या खोलीतही असतोच असं नाही. पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी 'ॲलर्जी' हा शब्द दिला.

औषधाची कथा थोडक्यात. जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनतज्ज्ञाने, त्याचा सहकारी उएनाका ह्याच्यासह, न्यूयॉर्कमध्ये १९०० च्या सुमारास मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रिनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. म्हणजे विकाराला नाव मिळालं आणि त्यावरचं औषध बाटलीत आलं ह्यात वर्षा-दोन वर्षांचंच अंतर आहे. ॲड्रिनलिन आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं. अट एकच, ते लवकर द्यायला हवं. इंग्लंडातले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री ह्यांनी ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यात खाण्यातून आलेल्या झटक्यात हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ निघाला ३० मिनिटं. कीटकदंशात १५, आणि टोचलेल्या औषधातून आलेल्या झटक्यात ५. हा ३० चा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता शाळेकडे येऊ. योगायोग असा, की त्याच १९०२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत लीना रॉजर्स ही पहिली शालेय परिचारिका नेमली गेली. तिचं काम खरूज, डोळे येणं, उवा, गजकर्ण. ह्या कारणांनी मुलं घरी पाठवली जायची आणि परत यायचीच नाहीत. तिने घरोघरी जाऊन उपचार केले आणि मुलं पुन्हा वर्गात दिसू लागली. मोठंच काम होतं ते. पण त्यामागची धोक्याची कल्पना पाहा. धोका म्हणजे जो एकाकडून सगळ्यांकडे जातो तो.

कायद्याची कल्पनाही त्याच जातीची होती. १८९३ मध्ये इंग्लंडात 'विल्यम्स विरुद्ध ईडी' असा खटला झाला. शाळेत फॉस्फरसची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवली होती, मुलांनी ती काढली आणि एक मुलगा भाजला. न्यायालयाने कसोटी अशी घातली, की काळजीवाहू बाप आपल्या मुलांची जेवढी काळजी घेईल तेवढी मास्तरांनी घ्यायला हवी. ही कसोटी इंग्रजी कायदा मानणाऱ्या देशांत दीर्घकाळ उद्धृत होत राहिली. फॉस्फरस हा कुठल्याही मुलाला भाजणारा पदार्थ आहे. त्यामुळे उत्तर सोपं होतं. बाटली कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा, किल्ली मुख्याध्यापकांकडे.

आणि पुढे शाळांनी औषधांच्या बाबतीतही तेच केलं. औषध म्हणजे धोकादायक वस्तू, मुलांच्या हाती लागता कामा नये, म्हणून कुलपात. हे चूक नव्हतं. फक्त ते फॉस्फरसचं तर्कशास्त्र होतं, आणि शेंगदाणा फॉस्फरससारखा वागत नाही. तो ४० मुलांच्या वर्गात ३९ जणांना पौष्टिक खाऊ असतो आणि एकाला विष. धोका पदार्थात नसतो, पदार्थ आणि एक विशिष्ट मूल ह्यांच्या नात्यात असतो. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना गुण आणि संबंध ह्यांतला फरक शिकवताना उंच-बुटक्याची उदाहरणं द्यायचो. हे उदाहरण जास्त चांगलं झालं असतं.

शाळेच्या अंगणात हा प्रश्न ठळकपणे आला तो १९९२ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका छोट्या लेखाने. ह्यू सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १३ मुलांची प्रकरणं मांडली होती, वयं २ ते १७. सगळ्यांना अन्नाची ॲलर्जी आहे हे आधीपासून माहीत होतं. सगळ्यांनी नकळत तो पदार्थ खाल्ला. शेंगदाणे, इतर दाणे, अंडं, दूध. ते लपलेलं होतं गोळीत, बिस्किटात, केकमध्ये. सहा मुलं गेली, सात वाचली. वाचलेल्या सातांपैकी सहांना अर्ध्या तासाच्या आत ॲड्रिनलिन मिळालं होतं. गेलेल्या सहांपैकी फक्त दोघांना पहिल्या तासात मिळालं होतं. आणि गेलेल्या सहांपैकी चौघांच्या बाबतीत ते घडलं शाळेत.

तेरा प्रकरणांवरून मोठे सिद्धान्त काढू नयेत, हे मला कळतं. शाळेत अशा कारणाने मूल दगावणं फार दुर्मिळ आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर इथून घरी जाऊन कुणी आज्जी नातवाचा डबाच बंद करायची. पण त्या लेखाने एक गोष्ट उघडी पाडली. औषध होतं, माहिती होती, मुलं मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली होती. आणि तरीही ३० मिनिटांत सुई मांडीपर्यंत पोहोचली नाही.

का पोहोचली नाही? सुई हे उपकरण शिक्षकाच्या हातातलं नव्हे, असं एक उत्तर. पण ते १९९२ मध्ये पुरेसं नव्हतं, कारण तोवर पेन आलं होतं. अमेरिकी लष्कराला रासायनिक हल्ल्यात सैनिकाने स्वतःच कपड्यांवरून टोचून घ्यावं असं उताऱ्याचं इंजेक्शन हवं होतं. शेल्डन कॅप्लन ह्या अभियंत्याने त्यासाठी आत स्प्रिंग असलेलं पेन घडवलं. त्याच कल्पनेत ॲड्रिनलिन भरून 'एपिपेन' तयार झालं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला घट्ट दाबायचं, काही सेकंद धरून ठेवायचं. मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅम, लहानांसाठी ०.१५. मात्रा मोजायची नाही, शीर शोधायची नाही. घाबरलेल्या सैनिकाला जमावं म्हणून बनवलेली वस्तू घाबरलेल्या शिक्षिकेला जमणारच. म्हणजे कौशल्याची अडचण यंत्राने सोडवली होती. उरली ती अधिकाराची.

आता कॅनडा. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे.

ओंटारिओ प्रांतात पेम्ब्रोक नावाचं गाव आहे. तिथे सब्रीना शॅनन ही १३ वर्षांची मुलगी होती. तिला दूध, शेंगदाणे आणि सोया ह्यांची ॲलर्जी. निष्काळजी मुलगी नव्हती ती. लहान असतानाच तिने सीबीसी रेडिओसाठी स्वतःच्या ॲलर्जीवर एक कार्यक्रम केला होता, म्हणजे आपल्याला काय आहे हे देशाला समजावून सांगितलेली ही मुलगी. सप्टेंबर २००३, माध्यमिक शाळेचं पहिलंच वर्ष. उपाहारगृहात तिने बटाट्याचे तळलेले काप घेतले. ते कशात तळतात ह्याची चौकशी केलेली होती. पण कॅनडात ह्याच कापांवर चीजचे तुकडे आणि रस्सा घालून 'पूटीन' नावाचा पदार्थ करतात, आणि चीजला लागलेला चिमटा कापांनाही लागला असावा. जेवणानंतर तिला धाप लागली. तिला दमाही होता. तिला वाटलं दमाच आहे. ती चालत शाळेच्या कार्यालयात गेली. ॲड्रिनलिनचं पेन होतं, पण ते तिच्या लॉकरमध्ये. कुणीतरी ते आणायला धावलं. ते येईपर्यंत ती कोसळली होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

ह्या घटनेत खलनायक सापडत नाही. मुलीने चौकशी केली, तेल बरोबर होतं, पेन होतं, लोक धावले. तरीही. मला वाटतं म्हणूनच तिच्यामुळे झालेला कायदा चांगला झाला. खलनायक सापडला असता तर त्याला शिक्षा झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. इथे व्यवस्थेकडेच पाहावं लागलं.

डेव्ह लेव्हॅक ह्या आमदारांनी खासगी विधेयक मांडलं. २००५ मध्ये ते संमत झालं आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झालं. लोक त्याला 'सब्रीनाज लॉ' म्हणतात. अगदी छोटा कायदा आहे. प्रत्येक शाळा मंडळाकडे ॲनाफिलॅक्सिसचं धोरण असलं पाहिजे. ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना मुख्याध्यापकांनी केली पाहिजे. मुलांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण दिलं पाहिजे. इथवर कुठल्याही परिपत्रकात असतं तसंच आहे. खरा गाभा पुढे आहे. एखाद्या कर्मचाऱ्याला सकारण वाटलं की ह्या मुलाला ॲनाफिलॅक्सिस होतोय, तर आधी लेखी परवानगी नसली तरी त्याला त्या मुलाचं औषध देता येईल. आणि सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल, घोर हलगर्जी नसेल तर, त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही.

'सकारण वाटलं' हे शब्द पाहा. कायदा इथे खात्री मागत नाही. शिक्षक डॉक्टर नाही, त्याला खात्री कुठून असणार? जुन्या रचनेत शंकेचा फायदा निष्क्रियतेला मिळायचा. शिक्षक थांबला तर त्याला कुणी विचारणार नाही, त्याने सुई टोचली तर शंभर प्रश्न. ह्या कायद्याने पारडं फिरवलं. आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे, कारण एरवी निरोगी असलेल्या मुलाला गरज नसताना मांडीत एक मात्रा गेली तर बहुधा थोडी छाती धडधडेल, हात कापतील. आणि गरज असताना गेली नाही तर काय होतं ते पेम्ब्रोकला दिसलं. हा हिशोब इतका एकतर्फी आहे, की तो कायद्यात यायला शंभर वर्षं का लागावीत ह्याचंच मला नवल वाटतं.

माझी एक भाची टोरोंटोजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. तिला विचारलं, तर म्हणाली, 'मामा, दर वर्षी सुई नसलेलं खोटं पेन हातात देतात आणि आपल्याच मांडीवर दाबून बघायला लावतात. पहिल्या वर्षी सगळे हसतात. आपल्या वर्गात तसं मूल आलं की मग कुणी हसत नाही.' तिच्या वर्गात आपली मराठी मुलंही आहेत, आणि डब्यात कुटाची चटणी पाठवू नका हे त्यांच्या आज्जींना पटवणं हेच तिला कठीण जातं म्हणे. दाण्याच्या कुटाशिवाय भाजी हे आपल्या लोकांना अजून मान्य नाही.

पण ओंटारिओच्या कायद्यात एक गृहीत होतं, ते शिकागोने उघड केलं. तो कायदा ज्या मुलाची ॲलर्जी माहीत आहे त्याच्यासाठी होता. नावाची योजना, नावाचं पेन. ज्याचं नाव यादीतच नाही त्याचं काय? २०१० च्या डिसेंबरात शिकागोच्या एका सार्वजनिक शाळेत वर्गातल्या मेजवानीनंतर १३ वर्षांची मुलगी ॲलर्जीने गेली. पुढच्या वर्षी इलिनॉय राज्याने कायदा केला, की शाळेला कुणाच्याही नावाचं नसलेलं, राखीव पेन ठेवता येईल. शिकागोच्या शाळांनी २०१२-१३ मध्ये ती सगळीकडे ठेवली. तेव्हा चार लाखांच्या आसपास मुलं असलेली ती व्यवस्था होती. त्या एका वर्षात ही राखीव पेनं ३८ वेळा वापरावी लागली, ३५ विद्यार्थ्यांसाठी आणि ३ कर्मचाऱ्यांसाठी. आणि निम्म्याहून अधिक जणांचा तो आयुष्यातला पहिलाच झटका होता. म्हणजे त्यांची योजना असणंच शक्य नव्हतं. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, कारण खुद्द त्यांच्या आईवडिलांनाही माहीत नव्हतं.

माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. आपण पुष्कळदा असं मानतो, की न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, आणि त्यासाठी आधी कोण कोण आहे ते कळायला हवं. इथे कोण ते कळण्याआधीच तयारी करावी लागते. रिकाम्या नावाने ठेवलेलं औषध. श्राद्धाच्या वेळी ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठीही आपल्याकडे एक पिंड ठेवतात, तसं हे जिवंतांसाठी. उपमा थोडी अशुभ वाटेल, पण मला ती नेमकी वाटते.

अमेरिकेचं पुढचं मी भरभर सांगतो. २०१२ च्या जानेवारीत व्हर्जिनियात सात वर्षांच्या एका मुलीला मधल्या सुट्टीत मैत्रीच्या भावनेने कुणीतरी शेंगदाणा दिला. शाळेच्या दवाखान्यात तिच्या नावाचं औषध नव्हतं. ती गेली. त्याच वर्षी व्हर्जिनियाने सार्वजनिक शाळांना राखीव पेन सक्तीचं केलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. आपल्या मोठ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं ते त्या वेळी म्हणाले होते. मात्र त्या कायद्याने सक्ती केली नाही. जी राज्यं शाळांत पेन ठेवायला लावतील त्यांना दम्याविषयीच्या अनुदानात प्राधान्य, एवढंच. आणि मग पैशाची गोष्ट आली. २००७ मध्ये मायलन कंपनीकडे एपिपेन आलं तेव्हा दोन पेनांची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती. २०१६ मध्ये ती ६०० च्या वर गेली. आतलं औषध तेच, ताकामिनेचं. अमेरिकी संसदेत कंपनीच्या प्रमुखांची जाहीर झडती झाली. कंपनी शाळांना काही पेनं फुकट देत होती, हे तितकंच खरं. पण ह्या पेनांची मुदत साधारण वर्ष-दीड वर्षात संपते. एकदा कायद्याने ठेवायला लावलं की दर वर्षी घेत राहावं लागतं, हे विकणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही.

मुदतीवरून इंग्लंड आठवलं. १ ऑक्टोबर २०१७ पासून तिथल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय राखीव पेन विकत घेता येऊ लागलं. 'घेता येईल', 'घ्यावं लागेल' नव्हे. कायद्याच्या मसुद्यात हा एका क्रियापदाचा फरक असतो आणि शाळेच्या कपाटात तो रिकाम्या आणि भरलेल्या खणाचा फरक असतो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पश्चिम लंडनमधल्या एका शाळेत दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलावर दुसऱ्या मुलाने गमतीत चीजचा तुकडा फेकला. तो मानेला लागला. काही दिवसांनी तो मुलगा रुग्णालयात गेला. चौकशीत निघालं, की शाळेत त्याच्यासाठी ठेवलेल्या पेनाची मुदत संपलेली होती. कपाट होतं, किल्ली होती, पेनही होतं. तारीख कुणी पाहिली नव्हती.

आता बंदीचा वाद. शाळेत शेंगदाणाच नको, असं बऱ्याच शाळांनी ठरवलं, आणि त्यावर तितकेच लोक चिडले. अमेरिकेत बसमध्ये जमिनीवर एक शेंगदाणा दिसला म्हणून मुलांची बस रिकामी केल्याचा किस्सा निकोलस क्रिस्टाकिस ह्या डॉक्टर-समाजशास्त्रज्ञाने २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सांगितला आणि ह्याला सामूहिक भयगंड म्हटलं. त्यात तथ्य आहे. मॅसेच्युसेट्समधल्या सार्वजनिक शाळांच्या पाच वर्षांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या, तर बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांत ॲड्रिनलिन द्यावं लागण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. जेवणाच्या जागी शेंगदाणामुक्त टेबल ठेवलेल्या शाळांत मात्र ते प्रमाण कमी होतं. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याही प्रशिक्षण, लेखी योजना आणि राखीव औषध ह्यांच्या बाजूने आहेत, सरसकट बंदीच्या बाजूने नाहीत. पुरावा कच्चा आहे हे त्यांनी प्रामाणिकपणे म्हटलंय.

माझं मत विचाराल तर बंदी लोकप्रिय होते कारण ती पुन्हा फॉस्फरसकडे नेते. पदार्थ कुलपात टाकला की झालं, मुलाकडे पाहायला नको. टेबलाची कल्पना मला पूर्ण रुचत नाही. मूल एकटं पडतं, आणि आपल्याला पंक्तीतून उठवून बसवण्याचा इतिहास आहे, त्यामुळे मला ते चित्र पाहवत नाही. पण टेबलावर मित्रालाही बसता येतं, डबा तेवढा दाण्याशिवायचा हवा. ज्या शाळांत असं करतात तिथे मित्र स्वतःहून आईला सांगतात म्हणे, उद्या चटणी नको.

शेवटी आपल्याकडे. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. स्वयंपाकात कीटकनाशक गेलं होतं. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम आपल्या भोजन योजनेत आहे, आणि अशा विषबाधेसाठी तो अगदी योग्य आहे. आधी मोठ्याने खायचं, त्याला काही झालं नाही तर मुलांना. त्यागाचा नियम आहे तो, आणि तो पाळणाऱ्या शिक्षिकांबद्दल मला आदर आहे. पण ॲलर्जीपुढे ही चव काहीच सांगत नाही. शिक्षिकेला सोसलं म्हणजे चौथीतल्या त्या एका मुलाला सोसेल असं नाही. हे नेमकं १८९३ चं तर्कशास्त्र आहे, सगळ्यांना सारखंच भाजणाऱ्या वस्तूचं.

आणि पेन आपल्या औषधाच्या दुकानांत सहज मिळत नाही, हे खरं. पण 'पेन नाही म्हणून काही करता येत नाही' हे मला पटत नाही. ॲड्रिनलिनची साधी काचेची कुपी आपल्याकडे अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती स्वस्त आहे. कुपी फोडून वयाप्रमाणे मात्रा सिरिंजमध्ये भरणं शिक्षकाला जड जाईल, मान्य. पण हे काम डॉक्टरशिवाय कुणी करूच शकत नाही असंही नाही, आणि ह्याचा दाखला बाहेर शोधायला नको. आपल्या लसीकरण कार्यक्रमात एएनएमताईंजवळ ॲनाफिलॅक्सिस किट असतं. त्यात कुपी, सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता. लस दिल्यावर मुलाला तीव्र झटका आला तर तिने डॉक्टरची वाट न पाहता मांडीत एक मात्रा द्यायची आणि मग रुग्णालयात न्यायचं, हे सरकारने तिला लिहून दिलंय. म्हणजे अधिकाराचा जो प्रश्न ओंटारिओने विधानसभेत सोडवला, तो आपण लसीपुरता एका मार्गदर्शिकेत आधीच सोडवलेला आहे.

नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, आठवत असेल. ती मुख्यतः शाळांमध्येच झाली. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, खासगी, सगळ्या शाळांत पथकं गेली. टोचल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवायचे. प्रत्येक ठिकाणी ते किट असायचं, आणि ते वापरता येणारी व्यक्ती शेजारी बसलेली असायची. वर्ग संपले, पथकाने सामान आवरलं, खोके गाडीत गेले, त्यांच्याबरोबर ते किटही गेलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी नेहमीसारखे डबे उघडले.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. डॉक्टरांनी आधी विचारावेत, म्हणजे माझ्या चुका लवकर निघतील.